नाहरकतीची सही

घरातील वडीलधारे माणूस प्रभूघरी गेले, महिन्याची मिस्सा झाली, की आज ना उद्या वाटणीचा विषय निघतोच. जमीन सात-बाऱ्यावर असते, दागिने पेटीत असतात, आणि आजीच्या वेळचा क्रूस कोणाच्या घरी जावा यावरही, गोडीने म्हणा वा तिखटपणे म्हणा, बोलणे होऊन जाते. परंतु काही घरांत माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेली एक वस्तू अशी असते, की तिच्याबद्दल कोणीच तोंड उघडत नाही. ती म्हणजे आजोबांनी घेतलेली आणि वडिलांनी तेल देऊन जपलेली बंदूक. ती कोणाला हवी आहे असे कोणी विचारत नाही. कोणालाच नको असेल तर काय करावे, असेही कोणी विचारत नाही. परवान्याचे पुस्तक कपाटात आणि बंदूक माळ्यावर, अशी वर्षे निघून जातात.

कोकणात व गोव्याच्या सीमेलगतच्या गावांत अशा बंदुका अजून आहेत. भातात रानडुकरे उतरतात, नारळ आणि काजू माकडे ठेवीत नाहीत, म्हणून पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक बाळगण्याचा परवाना शेतकऱ्याला मिळत आला. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. काही घरांतली बारा बोअरची दुनळी शिकारीच्या काळातली आहे. १९७२ साली वन्य जीव संरक्षणाचा कायदा आला, पुढे शिकारीचे दिवस संपले, दुनळी मात्र राहिली. निवडणूक जाहीर झाली, की गावोगावचे परवानाधारक आपापली बंदूक पोलिस ठाण्यात जमा करतात आणि निकालानंतर परत आणतात. ऐन पिकाच्या दिवसांत निवडणूक आली तर कुरकुरतात. म्हणजे ही काही गुन्हेगारांच्या जगातली गोष्ट नव्हे. रविवारी मिस्साला येणाऱ्या साध्या कुटुंबांतली ही गोष्ट आहे, आणि म्हणूनच तिचा विचार या पानांवर व्हावा असे आम्हांला वाटते.

प्रश्न वरवर सोपा दिसतो. ही बंदूक आता कोणाची? मुले म्हणतात, बाबांची होती, आता आमची. जमिनीच्या, घराच्या, गोठ्यातल्या गाईच्या बाबतीत हे उत्तर बरोबर आहे. बंदुकीच्या बाबतीत मात्र कायदा या उत्तराचे दोन भाग करतो. एक मालकी, दुसरा ताबा. मालकी वारसांकडे येते. बंदूक ही जंगम मिळकतच आहे आणि तिची किंमत इतर मिळकतीप्रमाणेच वाटली जाते. ताबा मात्र येत नाही. परवाना हा माणसाला दिलेला असतो, घराण्याला नव्हे, आणि तो माणूस गेला की परवानाही त्याच्याबरोबर जातो. ज्या दिवशी वडिलांचे डोळे मिटले त्या दिवसापासून माळ्यावरची बंदूक ठेवण्याचा अधिकार घरात कोणालाही उरलेला नसतो, मग ती पन्नास वर्षे त्याच घरात का असेना.

अशा वेळी काय करावे हे अधिनियमाच्या २१ व्या कलमात सांगितले आहे. विनाकारण विलंब न लावता शस्त्र जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे. पुष्कळांना वाटते, की ठाण्यात बंदूक दिली म्हणजे ती गेलीच; हा गैरसमज आहे. जमा केल्याने मालकी जात नाही. वारसांपैकी कोणाला परवाना मिळाला तर ती त्याला परत मिळते. कोणालाच नको असेल तर कायद्याने शस्त्र बाळगू शकणाऱ्या माणसाला विकून त्याचे पैसे घेता येतात. ठरलेल्या मुदतीत यांपैकी काहीच केले नाही, तर मात्र ती सरकारजमा होऊ शकते. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद आहे. त्यासाठी एकवीस वर्षे पूर्ण असली पाहिजेत, पोलिसांचा अहवाल अनुकूल असला पाहिजे, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाने दोनांहून अधिक बंदुका ठेवू नयेत असे ठरले, आणि वारसाहक्काने आलेल्या बंदुकांनाही ही मर्यादा लागू आहे.

येथे एक पळवाट नेहमी सुचविली जाते. ‘अहो, ती चालतच नाही, गंजून गेली आहे!’ कायद्यात खरोखरीच जुन्यापुराण्या, निकामी शस्त्राला सूट आहे. परंतु तिची अट अशी, की दुरुस्ती करूनही ते शस्त्र बंदूक म्हणून वापरता येऊ नये. नळीला गंज आणि दस्त्याला वाळवी एवढ्याने ती अट पुरी होत नाही. चांगल्या कारागिराच्या हातून जी पुन्हा चालू शकेल ती कायद्याच्या दृष्टीने बंदूकच.

आमच्या समाजात कायद्याकडे पाहण्याची एक रीत अशी आहे, की जे कागद सरकार मागते ते सरकारचे काम, आणि सदसद्विवेकबुद्धी हे फादरांचे काम. बंदुकीच्या बाबतीत ही विभागणी टिकत नाही असे आम्हांला वाटते. मालकी असूनही ताबा नसणे ही काही पोलिस खात्याची लहर नव्हे. हा विचार फार जुना आहे. ख्रिस्तजन्मापूर्वी चौथ्या शतकात प्लेटोने ‘रिपब्लिक’ हा ग्रंथ लिहिला. न्याय म्हणजे काय या त्यातल्या प्रश्नाचा आरंभच एका शस्त्रापासून होतो. सेफॅलस नावाचा सधन म्हातारा म्हणतो, की खरे बोलावे आणि ज्याचे त्याला परत द्यावे, झाला न्याय. त्यावर सॉक्रेटिस विचारतो, एखाद्या मित्राने शहाणा असताना आपले शस्त्र तुमच्याकडे ठेवायला दिले आणि पुढे त्याचे डोके फिरले असताना ते परत मागितले, तर द्यावे काय? ते त्याचेच आहे यात शंका नाही. तरीही द्यावे असे कोणीच म्हणणार नाही. म्हातारा तेथेच वादातून उठतो आणि पुढचा वाद मुलाच्या वाट्याला येतो. त्या वादाचाही तो वारसच ठरतो. (या म्हाताऱ्याच्या मुलांचा ढाली बनविण्याचा मोठा कारखाना होता, ही गोष्ट इतिहासात नोंदलेली आहे. शस्त्रांचा व्यवहार त्या घराला नवा नव्हता.)

तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी हेच उदाहरण आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात एकाहून अधिक ठिकाणी घेतले. ज्याचे त्याला परत करणे हा न्याय आहे हे त्यांना मान्यच आहे; पण परत केल्याने त्याचे स्वतःचे किंवा दुसऱ्याचे मोठे नुकसान होणार असेल तर त्या वेळी परत करू नये, असे ते म्हणतात. आणि पुढे ते जे जोडतात ते आम्हांला विशेष महत्त्वाचे वाटते. न देणाऱ्याने ती वस्तू आपलीही करून घेऊ नये. योग्य वेळेसाठी राखून ठेवावी किंवा अधिक सुरक्षित हाती सोपवावी. कलम २१ वाचताना या विवेचनाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ठाण्यातली बंदूक सरकारची झालेली नसते. ती कोणाच्या तरी योग्य होण्याची वाट पाहत असते.

शस्त्रकायद्याविषयी आपल्या देशात अविश्वास आहे, आणि त्याला कारण आहे, हे नाकारता येणार नाही. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत जो कायदा झाला त्याने हिंदी माणसावर परवान्याची सक्ती केली आणि युरोपीयांना त्यातून सूट दिली. गांधीजींनीदेखील त्या कायद्यावर कडक टीका केली आहे. अहिंसेच्या उपासकाला तो अन्याय्य वाटला, कारण त्यात योग्यतेची नव्हे, कातडीच्या रंगाची परीक्षा होती. इंग्रजांनी कोडगूतील कोडवा लोकांना मात्र परवान्यातून सूट दिली, ती स्वतंत्र भारतातही चालू राहिली. २०१९ साली केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढविली. तेथे मूल जन्मल्यावर बंदुकीचा बार काढण्याची आणि मृत्यूची वार्ता बारानेच कळविण्याची जुनी रीत आहे, आणि बंदूक ही घराण्याची खूण मानली जाते. म्हणजे बंदूक कोणी बाळगावी, हे कधी वर्णावरून, कधी जातीजमातीवरून ठरत आले. १९५९ च्या कायद्याने, निदान तत्त्वतः, प्रश्न माणसावर आणून ठेवला आहे. अर्जदाराचे मन ठिकाणावर आहे काय? त्याच्या हाती शस्त्र दिल्याने शांततेला धोका आहे काय? प्लेटोच्या म्हाताऱ्याला जो प्रश्न सुचला नाही, तो आज जिल्हादंडाधिकाऱ्याच्या कचेरीतल्या नमुन्यात छापलेला असतो.

आता खऱ्या अडचणीकडे यावे. हा प्रश्न विचारणार कोण? पोलिस हवालदार गावात येतो, ठाण्याच्या नोंदी पाहतो, सरपंचाला आणि शेजाऱ्याला विचारतो, अहवाल लिहितो. त्याला जे दिसू शकते तेवढेच तो लिहील. ज्या माणसावर गुन्हा नोंदला गेलेला नाही तो त्याच्या लेखी निर्दोष. परंतु माणसाचा राग, त्याचे पिणे, रात्री-अपरात्री त्याला येणारी निराशा, यांची नोंद कोणत्या ठाण्यात असते? ती असते त्याच्या भावंडांच्या स्मरणात आणि बायकोच्या झोपेत. आणि योगायोगाने म्हणा, त्या भावंडांची सही कचेरीत लागते. एका वारसाने परवाना मागितला, की इतर वारसांकडून ‘आमची हरकत नाही’ असे प्रतिज्ञापत्र मागितले जाते. आम्हांला या लेखात जे मांडायचे आहे ते या कागदाविषयी आहे.

हा कागद सहसा कसा तयार होतो? तालुक्याला टायपिंगच्या दुकानात मजकूर तयारच असतो. नावे तेवढी बदलायची. बहिणींच्या सह्या सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत सहज घेतल्या जातात. बंदुकीशी मुलींचा काय संबंध, अशी समजूत. वास्तविक १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे ख्रिस्ती बापाने मृत्युपत्र केले नसेल तर विधवेला एक-तृतीयांश आणि उरलेले सर्व मुलांना सारखे मिळते. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात नाही. गोव्याच्या कायद्यात तर मिळकतीचा निम्मा भाग मुलांसाठी राखीवच असतो, आणि त्यांत मुलीही आल्या. केरळच्या त्रावणकोर भागात मात्र १९१६ च्या एका जुन्या कायद्याने ख्रिस्ती मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळे. मेरी रॉय यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९८६ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. आमच्याकडे ही लढाई लढावी लागली नाही. म्हणूनच की काय, मिळालेला हक्क सहीच्या एका फटकाऱ्यात सोडून देण्याचे आम्हांला फारसे काही वाटत नाही. जमिनीच्या हक्कसोडपत्रावर पुष्कळ लिहिले गेले आहे. बंदुकीच्या नाहरकतीवर सही करणारी बहीण नुसता हिस्सा सोडीत नाही. ती साक्ष देते.

आमच्या माहितीतले एक कुटुंब आहे. वडिलांची बारा बोअरची दुनळी होती, परवाना पीकसंरक्षणाचा व स्वसंरक्षणाचा. ते गेल्यावर मुलांनी रीतसर बंदूक जिल्ह्याच्या ठिकाणी विक्रेत्याकडे जमा केली. तेवढे शहाणपण त्या घरात होते. वर्षभराने गावी राहणाऱ्या धाकट्या मुलाने स्वतःच्या नावे परवान्याचा अर्ज केला. त्याचे कारण खोटे नव्हते. बागेत माकडांनी उच्छाद मांडला होता. थोरल्या भावाने सही दिली. मुंबईत परिचारिका असलेल्या बहिणीला कुरियरने कागद आला आणि मागोमाग फोन, ‘ताई, एवढी सही करून पाठव, तुझ्यावाचून अडले आहे.’ बहिणीला ठाऊक होते, की भाऊ पितो. प्यायला, की हाताला येईल ते फेकतो; दुसऱ्या दिवशी रडतो, पाया पडतो. ठाण्यात त्याच्यावर एक ओळही लिहिलेली नव्हती. आणि आणखी एक गोष्ट. वहिनीने फोनवर हलक्या आवाजात विचारले होते, की बंदूक घरात आणलीच पाहिजे का? ज्या बाईला त्या बंदुकीबरोबर एका छपराखाली राहावे लागणार होते, तिच्या सहीसाठी कागदावर जागाच नव्हती. नवरा हयात असताना सून ही सासऱ्याची वारस नव्हे.

बहिणीने सही केली नाही. तिने प्रथम भावाला फोन केला आणि कारण त्याला स्पष्ट सांगितले. दुसऱ्या कोणाला सांगितले नाही. भाऊ वर्षभर तिच्याशी बोलला नाही. गावात बोलले गेले, की मुंबईला गेलेल्या मुलींना माहेरचे काही उरत नाही, तिला पैशांचा हिस्सा हवा असेल. तिने कोणाचे समाधान केले नाही.

तिने केले ते योग्य होते काय? आमच्यात यावर दोन मते पडली, आणि दुसऱ्या मतातही दम आहे, म्हणून ते येथे मांडतो. एक ज्येष्ठ स्नेही म्हणाले, की नाहरकत हा केवळ मिळकतीचा कागद आहे. मला या वस्तूत हिस्सा नको, एवढाच त्याचा अर्थ. भावाच्या चारित्र्याचा दाखला देणे हे बहिणीचे काम नव्हे, ते पोलिसांचे. शिवाय भाऊ म्हणजे काही प्लेटोच्या उदाहरणातला वेडा नव्हे. पिणारे पुष्कळ असतात. सगळेच बंदूक उचलत नाहीत. ज्याच्यावर अजून काही घडलेले नाही त्याला बहिणीने आधीच दोषी ठरवावे काय? आणि बागेचे नुकसान कोण भरून देणार?

या युक्तिवादातला कायद्याचा भाग बरोबर असेल. परंतु कागदावरचे शब्द ‘मला हिस्सा नको’ असे नसतात. ‘यांना परवाना देण्यास माझी हरकत नाही’ असे असतात. हरकत आहे, हे तिला ठाऊक होते. मनात हरकत असताना ती नाही असे शपथेवर लिहून देणे म्हणजे आठव्या आज्ञेचा भंग, मग तो मजकूर टायपिंगच्या दुकानातला का असेना. भावाला दोषी ठरविण्याचा प्रश्नच येत नाही. सॉक्रेटिसच्या मित्रानेही काही गुन्हा केलेला नव्हता. त्याने फक्त चुकीच्या वेळी शस्त्र मागितले होते. शस्त्र रोखून धरणे ही शिक्षा नव्हे. माणूस निराशेत असतो तेव्हा घरातली बंदूक इतरांइतकीच त्याच्या स्वतःच्याही जिवावर उठू शकते, आणि दुसऱ्या दिवशी रडणारा माणूस रात्री कोठवर जाऊन परतला असेल हे कोणाला सांगता येत नाही. बागेचे नुकसान खरे आहे. पण त्याला राखणदार आहे, जाळी आहे, सरकारी भरपाईचा अर्ज आहे. हे उपाय अपुरे आहेत हे मान्य करूनही ते उपाय आहेत.

तिच्या वागण्यातली दुसरी बाजू आम्हांला अधिक अवघड वाटते. तिने कारण भावाला सांगितले, गावाला नाही. ख्रिस्तसभेच्या शिकवणीत दुसऱ्याचे खरे दोषही योग्य कारणावाचून चारचौघांत उघड करणे हे पाप मानले आहे. खोटा आळ घेणे वेगळे आणि खरी उणीव चव्हाट्यावर आणणे वेगळे, पण दोन्ही सत्याच्या विरुद्धच. अधिकाऱ्याने विचारले असते तर तिने सांगायला हवे होते, कारण त्याला जाणण्याचा अधिकार आहे. शेजाऱ्यांना नाही. हरकत असणे आणि बदनामी करणे यांतली वाट अरुंद आहे. तिच्यावरून चालणाऱ्याला स्वतःवरचा आळ गप्प राहून सोसावा लागतो. तो तिने सोसला.

याच्या उलट प्रकारही होतो, आणि तो अधिक वेळा होतो असे आमचे निरीक्षण आहे. बांधाचा वाद चालू असतो, म्हणून भाऊ नाहरकत अडवून धरतो. तू विहिरीवरचा हिस्सा सोड, मग मी बंदुकीवर सही करतो. येथे ज्याची सही रोखली जाते तो पूर्ण लायक असू शकतो, आणि रोखणाऱ्यालाही ते ठाऊक असते. मनात हरकत नसताना ती आहे असे दाखविणे, हाही त्याच आज्ञेचा भंग. कागद तोच, खोटेपणा उलट्या बाजूचा.

किमतीचा मोहही येथेच डोकावतो. १९८० च्या दशकात परदेशी बंदुकांची आयात जवळजवळ बंद झाली, तेव्हापासून जुन्या विलायती दुनळीला बरी किंमत येते. ती विकायची तर परवाना असलेल्यालाच विकावी लागते, आणि खाजगी विक्रीची लेखी सूचना पंचेचाळीस दिवस आधी अधिकाऱ्यांना द्यावी लागते. एवढा खटाटोप नको म्हणून काही जण रात्री खाडीत किंवा पडक्या विहिरीत टाकून मोकळे होतात. विहीर कधी उपसली जाईल आणि कोणाच्या पोराच्या हाती ती लागेल, याचा विचार करायला ते थांबत नाहीत. परवान्याच्या नोंदवहीत तर ती बंदूक त्या घराच्या नावावर तशीच राहते.

आणखी एक रीत आहे, ती दिसायला उदार. मालक मुंबईला किंवा आखातात जातो, बाग गड्याच्या हवाली करतो, आणि त्याबरोबर वडिलांची बंदूकही. ठेव तुझ्याकडे, डुकरे आली तर उपयोगी पडेल. येथे संत इग्नेशियस लोयोला यांच्या चरित्रातला एक प्रसंग आठवतो. १५२२ च्या मार्च महिन्यात, देवदूताच्या निरोपाच्या सणाच्या आदल्या रात्री, मॉन्सेरात येथील मातेच्या वेदीपुढे त्यांनी आपली तलवार व खंजीर सोडून दिले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच रात्री त्यांनी आपले भारी कपडे एका गरीब माणसाला देऊन टाकले, ही गोष्टही सांगितली जाते. पुढचे मात्र क्वचितच सांगितले जाते. पहाटे ते थोडे दूर गेले असतील तोच एक जण धावत मागून आला आणि विचारू लागला, की हे कपडे तुम्ही त्याला दिलेत काय? त्या गरिबावर चोरीचा संशय आला होता. लोयोलांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांचे दान निर्मळ होते. पण दिले कोणी, घेतले कोणी, याला साक्षी नव्हता, आणि त्याचा त्रास घेणाऱ्याला झाला. तलवार वेदीपाशी ठेवली होती, तिच्याबद्दल कोणाला विचारावे लागले नाही. आमच्या गड्याच्या हाती बिनपरवान्याची बंदूक सापडली तर कैद त्याला होते. मालक फोनवर हळहळतो.

या सर्वांवरून आम्ही शस्त्र बाळगणे हेच पाप म्हणत आहोत असे कोणी समजू नये. ख्रिस्तसभेची शिकवण तशी नाही. स्वतःचे व आपल्यावर अवलंबून असणाऱ्यांचे रक्षण करण्याचा हक्क ती मानते. अक्विनासांनीही बचावाला बेताचे बळ वापरणे न्याय्य म्हटले आहे. गेथशेमनीच्या बागेत पेत्राजवळ तलवार होती, आणि ती शिष्यांकडे आहे हे प्रभूला ठाऊक होते. ती पेत्राची स्वतःची, बापाची की कोणाची मागून आणलेली, हे चारही शुभवर्तमानांत कोठे सांगितलेले नाही. उपसू नये त्या वेळी ती उपसली गेली एवढे आपल्याला कळते. योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू पेत्राला ती म्यानात घालायला सांगतो. टाकून दे असे म्हणत नाही. यावरून फार मोठा सिद्धान्त काढू नये, परंतु जे शांत मनाने, कुलूपबंद कपाटात, रीतसर परवान्याने वडिलांची बंदूक ठेवतात त्यांना कमी प्रतीचे ख्रिस्ती ठरविण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिलेला नाही.

उरतो तो वेळेचा प्रश्न. हे सारे बोलणे मृत्यूनंतर का व्हावे? २०१६ च्या नियमांत एक तरतूद आहे, ती फारशी कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. परवानाधारकाला सत्तर वर्षे पूर्ण झाली, किंवा बंदूक त्याच्याकडे पंचवीस वर्षे राहिली, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा तो हयातीतच वारसांपैकी एकाचे नाव सुचवू शकतो, आणि तो वारस योग्य ठरला तर परवाना त्याला मिळू शकतो. कोणाला देऊ नये हेही मग बापच सांगू शकतो, आणि बापाने सांगितलेले जितके सोसले जाते तितके बहिणीने सांगितलेले सोसले जात नाही. मृत्युपत्रात ‘बंदूक अमक्याला’ असे लिहून हे काम होत नाही. त्याने मालकी जाईल, परवाना जाणार नाही, आणि ज्याचे नाव लिहिले तो उद्या अयोग्य ठरला तर कागद नुसता भांडणाला कारण होईल. सत्तरी गाठलेल्या एखाद्या बापाला हे करायचे असेल तर त्याने परवान्याचे पुस्तक बाहेर काढावे, नळीवरचा क्रमांक त्यातल्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहावे, काडतुसे कोठे आणि किती आहेत ते मोजावे. मग नाताळात किंवा गावच्या सणाला सगळी मुले घरी आलेली असताना विषय काढावा. मुली सासरहून आल्या असतील तेव्हा काढावा, आणि सुनेलाही स्वयंपाकघरातून बाहेर बोलवावे.